हॉटेलात ढेकूण होतात कसे, आणि औषध मारण्याआधी काय करायला हवं

२०१८ च्या ऑगस्टमधे इजिप्तमधल्या हुरघाडा इथे सुट्टीला गेलेलं एक ब्रिटिश जोडपं काही तासांच्या अंतराने वारलं, दोघंही साठीतले, आदल्या दिवसापर्यंत व्यवस्थित हिंडतफिरत होते. शेजारच्या खोलीत ढेकूण झाले म्हणून तिथे औषध मारून खोली बंद केली होती, आणि दोन खोल्यांच्या मधे एक दार होतं, त्याच्या फटींना चिकटपट्टी लावलेली, मधे अडसर काय तो तेवढाच. २०२३ मधे इंग्लंडमधल्या चौकशी अधिकाऱ्याने निष्कर्ष दिला की औषध पातळ करायला डायक्लोरोमिथेन नावाचं रसायन वापरलं होतं, त्याची वाफ या दोघांच्या श्वासात गेली आणि शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड झाला.

नोव्हेंबर २०२५ मधे इस्तंबूलला जर्मनीहून आलेलं चौघांचं कुटुंब दगावलं, आई, वडील आणि दोन लहान मुलं. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं रस्त्यावरचं काहीतरी खाल्लं असणार, नंतर तपासाचा रोख वळला तो त्यांच्या हॉटेलात ढेकणांसाठी मारलेल्या औषधाकडे आणि फॉस्फीन नावाच्या विषारी वायूकडे.

या सहाजणांतलं कोणीही ढेकूण चावल्यामुळे गेलेलं नाही. ढेकणाने माणूस मरत नाही, ढेकूण दिसल्यावर घाबरून केलेल्या उपायाने मरू शकतो, आणि तो उपाय करायची वेळच येऊ नये यासाठी जे करायचं असतं ते बहुतेक हॉटेलवाल्यांना, लॉजवाल्यांना, होमस्टे चालवणाऱ्यांना कोणी नीट सांगितलेलंच नसतं. पाहुण्यांनाही नाही. म्हणून हा लेख.

आधी हा किडा समजून घेऊ

पूर्ण वाढलेला ढेकूण ५ ते ७ मिलिमीटरचा, चपटा, तांबूस तपकिरी. रक्त प्यायला की फुगून लांबट आणि लालभडक होतो. पंख नाहीत, त्यामुळे उडत नाही, उडीही मारत नाही, फक्त चालतो. दिवसभर फटीत दडून बसतो आणि रात्री आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर बाहेर येतो, पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि परत फटीत जातो. उवेसारखा अंगावर मुक्काम करत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर आहे: तो माणसावर राहत नाही, माणूस जिथे झोपतो तिथल्या फटींमधे राहतो.

मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते आणि आयुष्यभरात दोनशेच्या वर. अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, पांढरं, आणि लाकडाला किंवा कापडाला चिकटवलेलं असतं, नुसतं झटकून पडत नाही. ६ ते १० दिवसांत त्यातून पिल्लू बाहेर येतं, मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी आधी त्याला रक्त लागतं. आपल्याकडच्या उबदार हवेत हे सगळं पाच-सहा आठवड्यांत उरकतं. नराशी संबंध आलेली एकटी मादी बॅगेतून आली तरी तिच्यापासून पूर्ण वसाहत उभी राहू शकते. आणि रक्त मिळालं नाही तरी मोठे ढेकूण महिनोन्महिने तग धरतात, त्यामुळे "ती खोली महिनाभर बंद ठेवली होती, आता काही नसेल" या बोलण्याला काही अर्थ नाही.

चावल्याने रोग पसरतो का, तर ढेकणांमुळे माणसांत कुठला आजार पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही. खाज, गांध्या, काहींना जोरात ॲलर्जी, खाजवून खाजवून जखम चिघळणं आणि झोपेचं खोबरं, हे मात्र खरं. अजून एक गंमत नसलेली गोष्ट म्हणजे गांध्या कधीकधी लगेच उठतच नाहीत, काही दिवसांनी, अगदी दोन आठवड्यांनीही उठतात, आणि काहींना अजिबात उठत नाहीत. म्हणजे परवा मुक्काम केला त्या हॉटेलला आपण शिव्या घालत असतो आणि चावलेले असतात त्याच्या आधीच्या लॉजमधे. एकाच खोलीत झोपलेल्या नवऱ्याला काही नाही आणि बायको रात्रभर खाजवतेय, असंही होतं, म्हणून नुसत्या गांध्यांवरून कोणाला दोषी धरू नये, किडा किंवा त्याच्या खुणा सापडायला हव्यात.

मग हॉटेलातच का एवढे?

कारण सरळ आहे, तिथे रोज नवी माणसं नव्या बॅगा घेऊन येतात. ढेकूण लांबचा प्रवास स्वतः करू शकत नाही, तो बॅगेच्या शिवणीत, कपड्यांच्या घडीत, उशीत बसून येतो. ट्रेन, स्लीपर बस, होस्टेल, लग्नाचं कार्यालय, देवस्थानाचं भक्तनिवास, आदल्या रात्रीची दुसरी लॉज, कुठूनही. आणि आपली सवय अशी की रूममधे शिरलो की पहिली बॅग पलंगावर टाकायची.

आत आल्यावर त्याला आयत्या जागा मिळतात. भिंतीला ठोकून बसवलेला हेडबोर्ड, म्हणजे पलंगाच्या डोक्याकडची फळी, तिच्या मागे कोणी कधी बघितलेलंच नसतं. गादीच्या कडेची गोट, स्विचबोर्डाची पट्टी, सुटलेला वॉलपेपर, पडद्याची वरची दुमड. दोन खोल्यांच्या भिंतीतून वायरी आणि पाइप गेलेले असतात, त्या भोकांतून तो शेजारी जातो. आणि एका खोलीतल्या चादरी ज्या ट्रॉलीत टाकतो त्याच ट्रॉलीत पुढच्या खोलीच्या धुतलेल्या चादरी असतील तर त्याला चालावंही लागत नाही, आपणच पोचवतो.

शेती करणाऱ्यांना हे लगेच कळेल. गाजरगवताचं बी वाऱ्याने येतं, शेणखतातून येतं, शेजारच्या बांधावरून येतं, बी येणं कोणालाच थांबवता येत नाही, पण फुलावर यायच्या आधी उपटलं तर काम चार रोपांचं असतं आणि फुलं येऊन झडली की पुढची कित्येक वर्षं तेच. हॉटेलात ढेकूण येणारच, प्रश्न फक्त तो किती लवकर दिसतो हा आहे.

"स्वच्छ हॉटेलात ढेकूण होत नाहीत ना?"

होतात. ढेकणाचं अन्न रक्त आहे, उष्टं-खरकटं नाही, त्यामुळे लादी रोज फिनेलने पुसली म्हणून त्याला काही फरक पडत नाही. पसारा असेल तर लपायला जागा जास्त मिळते आणि आपल्याला तो उशिरा दिसतो, स्वच्छतेचा संबंध एवढाच. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिसमधल्या ढेकणांच्या बातम्या जगभर गेल्या, मेट्रो आणि थिएटरातले व्हिडिओ सगळ्यांनी बघितले, त्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती यावर नंतर बराच वाद झाला. पण त्याच वर्षी जुलैमधे आन्सेस या तिथल्या सरकारी आरोग्य सुरक्षा संस्थेचा अहवाल आला होता, त्यानुसार २०१७ ते २०२२ या काळात फ्रान्समधल्या ११ टक्के घरांमधे ढेकूण झालेले होते, आणि त्याचा घरातल्या उत्पन्नाशी किंवा स्वच्छतेशी संबंध नाही असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. निस्तरायचा खर्च मात्र घरामागे सरासरी ८६६ युरो.

मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान या "घाणीमुळे होतात" समजुतीने केलंय. त्यामुळे मालक कबूल करत नाही, मॅनेजर मालकाला सांगत नाही, आणि खोली साफ करणारी बाई मॅनेजरला सांगत नाही कारण तिला वाटतं आपल्यावरच येईल, आणि ज्या आठवड्यात दोन ढेकूण होते तो आठवडा असाच निघून जातो.

खोली अशी मांडा की बघता येईल

नवीन हॉटेल किंवा होमस्टे बांधत असाल तर हे आत्ताच करून घ्या, नंतर महाग पडतं. हेडबोर्ड भिंतीला कायमचा ठोकू नका, हुकांवर अडकवलेला असा घ्या की दोघांनी वर उचलला की निघाला पाहिजे. त्याला मऊ गादीसारखं कापड आणि बटणं लावलेली असतात ती दिसायला छान, पण प्रत्येक बटणाच्या खड्ड्यात लपायची सोय. बॉक्स बेड तर हॉटेलात नकोच असं माझं स्पष्ट मत आहे, खालच्या कप्प्यात जुन्या रजया, प्लायचे सांधे, अंधार, वर गादी आणि गादीवर माणूस, ढेकणाला अजून काय हवं. साधा लोखंडी पाइपचा किंवा कमी सांध्यांचा पलंग घ्या, खाली वाकून टॉर्च मारला की सगळं दिसेल असा. पाइपची तोंडं मात्र टोप्या लावून बंद करा.

पलंग भिंतीपासून थोडा पुढे ओढलेला, चादर जमिनीला न टेकणारी. म्हणजे वर चढायला फक्त पायच उरतात आणि त्या पायांखाली इंटरसेप्टर ठेवता येतो. इंटरसेप्टर म्हणजे दोन कडांची प्लास्टिकची वाटी, चढणारा किंवा उतरणारा ढेकूण मधल्या खाचेत पडतो आणि बाहेर येता येत नाही, तुम्ही आठवड्याने बघितलं की कळतं. यात एक बारकावा आहे, थंड देशातला ढेकूण गुळगुळीत प्लास्टिकवर घसरतो पण आपल्याकडे उष्ण प्रदेशातली दुसरी जात जास्त आढळते आणि तिच्या पायांची पकड चांगली असते, म्हणून वाटीच्या आतून टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवून ठेवायचा आणि ती मधून मधून परत लावायची.

गादीला आणि उशांना चेनवालं पूर्ण बंद कव्हर घाला. त्याने ढेकूण येणं थांबत नाही, पण गादीच्या आत घर करता येत नाही, आणि पांढऱ्या सपाट कापडावर खुणा लगेच दिसतात. भिंतीतली भोकं, स्विचबोर्डाच्या कडा, लाकडाचे सांधे पुट्टीने किंवा सिलिकॉनने बंद. बॅग ठेवायला पलंगापासून लांब एक लोखंडी स्टँड. आणि दुसऱ्या हॉटेलने लिलावात काढलेल्या स्वस्त गाद्या, सोफे कधीही घेऊ नका, कितीही चांगले दिसले तरी.

हाउसकीपिंगवाल्यांच्या हातात टॉर्च द्या

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय हाच आहे आणि नेमका हाच कोणी करत नाही. खोली आवरणाऱ्या माणसाला एकामागे एक खोल्या उरकायच्या असतात, त्यात तो गादीची गोट कधी बघणार? त्याला त्यासाठी वेगळा वेळ द्यायला लागतो. दर वेळी चादर काढताना गादीचे चार कोपरे, आणि पंधरा दिवसांतून एकदा हेडबोर्ड काढून मागची बाजू, साइड टेबलच्या ड्रॉवरच्या खालची बाजू, पडद्याची दुमड, सोफ्याचे सांधे. बहुतेक ढेकूण झोपायच्या जागेपासून काही फुटांच्या आतच असतात, आधी तिथेच बघायचं.

काय शोधायचं? बॉलपेनने ठिपके दिल्यासारखे काळे डाग, ओल्या कापडाने पुसले की पसरतात, ही त्यांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. टाकलेली कात, रिकामी पारदर्शक टरफलं. शिवणीत चिकटलेली पांढरी अंडी. चादरीवर रक्ताचा छोटा डाग. खूप झाले असतील तर एक गोडसर उग्र वास येतो, पण वास येईपर्यंत थांबलात तर खूप उशीर झालेला असतो.

आणि ज्याने शोधून दाखवलं त्याला ओरडू नका, त्याचं कौतुक करा, जमलं तर बक्षीस द्या. ती माणसं दिवसभर त्याच चादरी उचलतात आणि संध्याकाळी घरी जातात, ढेकूण त्यांच्या घरीही जाऊ शकतो, म्हणून कपडे बदलायची जागा आणि गणवेश हॉटेलातच गरम पाण्यात धुवायची सोय त्यांना मिळायलाच हवी.

सापडला, आता काय?

खोली बंद करा, पण त्यातलं काहीही बाहेर काढू नका, खुर्ची दुसऱ्या खोलीत हलवली की ढेकूण हलवला. डावीकडची, उजवीकडची, वरची आणि खालची खोली त्याच दिवशी तपासा. चादरी, पडदे, उशांची कव्हरं खोलीतच पिशवीत भरून तोंड बांधायचं आणि मगच लाँड्रीत न्यायचं.

ढेकणाचं खरं औषध उष्णता आहे. ४८ अंशांवर मोठे ढेकूण वीसेक मिनिटांत मरतात, अंडी चिवट, त्यांना त्याच तापमानात तास-सव्वा तास लागतो, ५० च्या वर सगळंच पटकन आटोपतं. ६० अंशांच्या पाण्यात धुणं आणि ड्रायरमधे जास्त तापमानावर अर्धा तास, म्हणजे कपड्यांचं काम झालं. पूर्वी बाजा उन्हात टाकून खाचांमधे उकळतं पाणी ओतायचे ते याच तत्त्वावर होतं. गादी, पलंगाचे सांधे, भिंतीच्या कडा यांना आधी व्हॅक्यूम, मग स्टीमर, आणि स्टीमर अगदी हळू फिरवायचा, घाईने फिरवला तर वरचं कापड तापतं आणि आतला ढेकूण आत जातो. व्हॅक्यूमची पिशवी बांधून लगेच इमारतीबाहेर. मग साधारण दोन आठवड्यांनी हे सगळं परत, कारण सुटलेल्या अंड्यांतून तोपर्यंत पिल्लं बाहेर आलेली असतात. दुसऱ्या फेरीचा कंटाळा केला तर पहिली फुकट जाते.

"एवढा खटाटोप कशाला, औषध मारून मोकळे व्हा की"

औषधाला जागा आहे, पण शेवटची, आणि जाणकार माणसाच्या हातात. पहिली अडचण अशी की ढेकणांना औषधांची सवय होते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने ढेकूण संपले असं वाटत होतं, पण हवाईमधल्या पर्ल हार्बरला १९४७ मधेच डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले. आज बाजारात मिळणारे बरेचसे स्प्रे पायरेथ्रॉइड गटातले आहेत, म्हणजे शेवंतीच्या जातीच्या एका फुलातल्या कीटकनाशकाची कारखान्यात केलेली नक्कल, आणि जगभरातले ढेकूण त्यालाही मोठ्या प्रमाणात सरावलेत. धूर करणारे डबे तर टाळाच, तो धूर फटीच्या आत पोचत नाही आणि एका खोलीतले ढेकूण चार खोल्यांत पांगतात.

दुसरी अडचण जिवाची. धान्यात ठेवायच्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइड, ढेकणांसाठी खोलीत ठेवतात, आपल्याकडेही ठेवतात, महाराष्ट्रातही यात जीव गेलेत. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळीतून फॉस्फीन वायू सुटतो, तो फटीतून, पाइपच्या भोकातून शेजारी आणि वरच्या मजल्यावर जातो, आणि त्यावर उतारा म्हणून द्यायचं कुठलंही औषध नाही. ती गोदामात, प्रशिक्षित माणसांनी वापरायची गोष्ट आहे, माणसं झोपतात त्या इमारतीत तिला जागाच नाही. पेस्ट कंट्रोलचा धंदा करायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो, तो बघायला मागा, कुठलं औषध मारणार ते लेखी घ्या, पातळ कशात करणार तेही विचारा, आणि शेजारची खोली त्या दिवशी कोणालाही देऊ नका. जो माणूस "एका फेरीत गॅरंटी" म्हणतो त्याला दारातूनच परत पाठवा.

आपण पाहुणे असू तेव्हा

खोलीत गेल्यावर बॅग आधी बाथरूममधे ठेवा, तिथे कोरडी गुळगुळीत टाइल असते आणि लपायला जागा कमी. मोबाइलचा टॉर्च लावून चादरीचे कोपरे उचलून गोट बघा, डोक्याकडची फळी बघा, दोन मिनिटांचं काम आहे. काही दिसलं तर फोटो काढा आणि रिसेप्शनला शांतपणे सांगा, आणि दुसरी खोली देत असतील तर शेजारची किंवा वरखालची घेऊ नका. खोलीत नुकतंच फवारल्यासारखा रसायनाचा वास येत असेल, किंवा रात्री शेजारून तसा वास यायला लागला, डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर सकाळची वाट बघू नका, लगेच सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि दवाखान्यात जा.

घरी परतल्यावर शंका असेल तर बॅग बेडरूममधे न नेता गॅलरीत उघडा. कपडे थेट गरम पाण्यात. ड्रायर आपल्याकडे फार घरांत नसतो, तेव्हा कडक इस्त्री शिवणींवरून हळूहळू फिरवा. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमधे चार दिवस ठेवलं तरी चालतं, फ्रीजच्या साध्या बर्फाच्या कप्प्यावर मात्र भरवसा नको. बॅग नुसती उन्हात ठेवून खात्री होत नाही, वरचा भाग तापतो आणि ढेकूण आतल्या थंड घडीत सरकतो.

"हे मोठ्या हॉटेलांना ठीक आहे, आमच्या आठ खोल्यांच्या लॉजला कसं परवडेल?"

मला तर छोट्यांना हे जास्त सोपं वाटतं. दापोली-गुहागरकडे घरचीच माणसं चालवतात असे होमस्टे आहेत, तिथे चादर बदलणारी व्यक्ती आणि निर्णय घेणारी व्यक्ती एकच असते, मधे कोणी लपवणारं नसतं. आणि खर्च एकदम करायची गरजही नाही. पहिल्या महिन्यात टॉर्च, एक वही आणि पंधरा दिवसांचं वेळापत्रक, वहीत कुठल्या खोलीत कधी बघितलं आणि काय दिसलं एवढंच लिहायचं. मग जमेल तशी गाद्यांची कव्हरं, एकेका खोलीची. मग एक बऱ्यापैकी स्टीमर. सीझन संपला की पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात तेव्हा भिंतीची भोकं बुजवणं आणि हेडबोर्ड सुटे करून घेणं, सुताराचं दोन-तीन दिवसांचं काम. बॉक्स बेड लगेच बदलता येत नसेल तर आतला कप्पा पूर्ण रिकामा करा, सांधे बंद करा आणि तो कप्पाही वहीच्या यादीत घाला.

पाहुण्यानेच आणला असेल तर त्याच्याकडून पैसे मागावेत का, असंही विचारतात. कोणी आणला हे जवळपास कधीच सिद्ध करता येत नाही, तो आदल्या पाहुण्याचाही असू शकतो, त्यामुळे त्या वादात पडू नका. त्याची खोली बदला, त्याचे कपडे तुमच्या खर्चाने गरम धुऊन द्या, आणि तो गेल्यावर नाही तर त्याच दिवशी चारही बाजूच्या खोल्या तपासायला घ्या.